एकसष्ट बंद खोल्या

नाहूर,
रविवार

प्रिय मीरा,

तुझे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. तू 'बोल ना गं' म्हणाली असतीस आणि मी पुन्हा खोटं बोलले असते. म्हणून कागद घेतला.

आईचे गुडघे तसेच आहेत. कालपर्यंत रोज सकाळी बागेत फिरायला जात होती. या बागेचं तुला कधी नीट सांगितलंच नाही. लॉटरीत मला इथे घर लागलं तेव्हा साकीनाक्याच्या आपल्या समितीने पेढे वाटले. दहा वर्षं घरांसाठी अर्ज लिहिले, मोर्चे काढले, 'आपल्यातल्या एकीला तरी लागलं,' असं तू माईकवर म्हणालीस. इथे आले तर विकायच्या उंच इमारती पुढे आणि आम्हा लॉटरीवाल्यांची एक इमारत मागे, नाल्याला लागून. गेटही वेगळं. बाग त्यांच्या बाजूला, मध्ये जाळीचं दार आणि दाराला कुलूप. एकदा ते उघडं दिसलं म्हणून आई आत गेली, तर वॉचमनने तिला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. घरी येऊन म्हणाली, "मी काय चोर आसंय?" मला राग यायला हवा होता गं. आली ती लाज, आणि तीही आपलीच.

मग बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर तुमच्या संक्रमण शिबिरातल्या लोकांसाठी इमारत येणार असं कळलं. अकरा वर्षं पत्र्याच्या खोलीत काढून तू माझ्या शेजारी राहायला येणार होतीस. फोनवर मी 'झकास!' म्हणून ओरडले. ते खोटं नव्हतं, एवढं तरी मान.

चार दिवसांनी उंच इमारतींचे सेक्रेटरी श्यामकांत आमच्या घरी आले. त्या बाजूचं कोणी आमच्या जिन्यात पहिल्यांदाच आलं. आईच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही चळवळीतल्या. सरकारी भाषा तुम्हाला येते. त्या इमारतीविरुद्ध हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा. शेवटी आपण सगळे एकच." उठताना म्हणाले, "जाळीच्या दाराचंही बघू." दार तर निमित्तच. मी भुलले त्या 'आपण'ला.

दोन दुपारी बसून अर्ज लिहिला. पाण्याचा दाब, नाल्याची रुंदी, शाळेतल्या जागा. आधी आकडा, मग तक्रार, ही तुझीच शिकवण. शेवटी आणखी एक मुद्दा घातला. त्याच्यावर येतेच.

सुनावणीला मी श्यामकांतांच्या गाडीतून आले. तू मला बघून लांबूनच हात केलास, शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरली होतीस. तुला वाटलं मी तुमच्याकडून बोलायला आलेय. आणि मी बसले त्या खुर्चीत! सकाळपासून काही खाल्लं नसशील म्हणत तू डब्यातलं धपाटं माझ्या हातात दिलंस. साहेब अर्ज वाचायला लागले. तू कानाशी येऊन विचारलंस, "कोणी लिहिलंय गं? भाषा आपल्यातली वाटते." मी म्हणाले, "काय माहीत." तोंडात तुझाच घास होता.

मग तो शेवटचा मुद्दा आला. शिबिरातल्या दोनशे बारा खोल्यांपैकी एकसष्ट बंद आहेत, मग या लोकांना घरांची गरज आहेच कुठे? हे तू मला फोनवर रडत सांगितलं होतंस. लोक वाट बघून थकले, पाण्याला कंटाळून गावी गेले, म्हातारी माणसं तिथेच वारली, आणि हे बाहेर कळलं तर आपल्यावरच उलटेल. मी आकडा घेतला आणि कारण गाळलं.

तू उठलीस. कागद नाही, काही नाही. बंद खोल्यांमधली माणसं एकेक करून सांगितलीस. "सात नंबर, भीमराजकाका. नवीन घराची चावी हातात घेऊनच डोळे मिटीन म्हणायचे. गेल्या वर्षी गेले." निर्णय पुढे गेला, पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्या असं सांगितलं. बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास. "आलीस, बरं वाटलं," म्हणालीस. मी तुझ्याकडे वर बघितलंही नाही.

जाळीचं दार दुसऱ्याच दिवशी उघडलं. आईला कारण काल सांगितलं. आज ती फिरायला गेली नाही.

गुरुवारी समितीतल्या मनालीचा फोन आला. बंद खोल्यांचा आकडा फक्त तुला माहीत होता, म्हणजे तूच तो फोडलास, बदल्यात स्वतःचं घर ठरवून घेतलंस, अशी शिबिरात कुजबुज आहे म्हणे. उद्याच्या बैठकीत तुला समितीतून काढणार आहेत. तू माझं नाव घेतलं नाहीस. आकडा तू कोणाला सांगितला होतास ते तुला आठवत असणारच. म्हणजे हात धरलास तेव्हाच तुला कळलं होतं का? विचारायचा हक्क मला नाही. शुक्रवारी मी सुनावणीच्या त्याच कार्यालयात लिहून दिलं की हरकतीचा अर्ज माझा आहे आणि खोल्या बंद असण्याचं कारण मी मुद्दाम गाळलं. पोच घेतलेली प्रत सोबत आहे. मनालीच्याच हाती हे सगळं पाठवतेय. उद्या बैठकीत हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, मीरा. माझी दया येऊन काही गाळू नकोस. गाळायचं ते मी एकदा गाळून बसलेय.

तुझीच लिहायला हात धजत नाही,
अनुपमा