एक रिंग म्हणजे बरं हाय

नोएडा, ता. ९ ऑक्टोबर

वृषभ अण्णा,

जय जिनेंद्र. आणि न्हाय, परत सांगतो, मी फोन बघून खिशात टाकला न्हाय. वहिनींना तू काय सांगितलंस ते मला कळलं. "आप्पांना ऑपरेशनला आत नेलतं आणि गोम्या तिकडं गाडी फिरवत होता, मुद्दाम उचलला न्हाय." गाडी फिरवत होतो, हे खरं. पुढचं खोटं. आता तू माझा फोन घेत न्हाईस, म्हणून कागद काढलाय.

आप्पा भाकरी खायला लागले, काठी न घेता बस्तीपर्यंत दर्शनाला जातात, असं वहिनी म्हणाल्या. लई बरं वाटलं.

दिवाळीला येऊन दुकानात बसतोस का न्हाय ते एकदाच सांग, न्हायतर मामाच्या भरमूला बसवतो आणि तुझा-माझा संबंध संपला, असा तुझा निरोप. सांगतो. पण आधी हे ऐक.

माझं काम तुला धड कधी सांगितलंच न्हाय. गाडीत चार फोन ठेवलेले असतात. मी नुसता फिरतो आणि ते फोन आपले आपण कॉल लावत राहतात. कुठं लागला, कुठं तुटला, सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जमा होतं. अशा गाड्या सगळीकडं हायत, आपल्या चिकोडीकडंसुद्धा. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला ते नागेंद्र सर दावणगेरेचे. माझं कन्नड ऐकून हसले. "एनप्पा, निप्पाणी कडेयवना?" म्हणजे, काय रे, निपाणीकडचा का? तेव्हापासून चहा त्यांच्याबरोबरच.

एकदा मी विचारलं, "सर, हजारो कॉल एकाच वेळी येतात, तर ह्यात घोळ कसा होत न्हाय?"

ते म्हणाले, "तुमच्या खताच्या दुकानात गल्ले किती?"

"एक."

"आणि हात?"

"आप्पांचा, अण्णाचा, माझा. कधी वहिनींचा."

"मग संध्याकाळी काय होतं?"

"भांडण."

"त्यावर तुझ्या अण्णानं काय केलं?"

"किल्ली कमरेला लावली."

"मग?"

"मग अण्णा जेवायला गेला की गिऱ्हाईक उभं!"

सर इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "माझ्या प्रोग्राममध्ये गल्लाच ठेवला न्हाय. प्रत्येक कॉलला एक वेगळा गडी. ज्याचं त्याच्याजवळ. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा न्हाय, काय पाहिजे ते चिठ्ठी पाठवून मागायचं. एकदा मांडलेला आकडा खोडायचा न्हाय, बदल झाला तर नवा मांडायचा. एखादा गडी पडला तर बाकीचे आपलं काम करत राहतात. वर एक मुकादम बसवलाय, तो पडलेल्याच्या जागी दुसरा उभा करतो."

मी म्हटलं, "मुकादम शिव्या देत न्हाय?"

"त्याला मी शिकवल्याच न्हाईत."

अण्णा, गाडी चालवताना माझ्या डोक्यात हेच फिरायला लागलं. आपलं घर असं मांडलं तर कसं होईल? किल्लीशिवाय तू कसा दिसशील?

मग मी हट्टानं आपल्या भागाचं बघायला मागितलं. बोरगावपासून नदीकडंच्या पट्ट्यात लई कॉल एका रिंगेत तुटलेले. सर म्हणाले, बिघाड. मी छाती काढून म्हणालो, "बिघाड न्हाय सर, ही आमची पद्धत. एक रिंग देऊन ठेवलं म्हणजे सगळं बरं हाय, फोन करू नका. दोन दिल्या तर करा. बोलणं फुकट झालं तरी आमच्याकडं हात तसाच चालतो." सरांना पटलं. त्यांनी वरच्या साहेबांना तसं कळवूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिथल्या आमच्या गाडीचे कॉल वेगळे काढले. तेही एका रिंगेत तुटलेले. मला हाक मारली, "गोमटेश, माझ्या मशीनला मिस कॉल द्यायची सवय कधी लागली?"

सगळं ऑफिस हसलं. मीपण हसलो. आपल्याकडचा टॉवर कर्नाटकातला, नदीपलीकडचा महाराष्ट्रातला. ह्याच्याकडून त्याच्याकडं जाताना फोन मधेच पडतो, असं सरांना वाटतं. का पडतो ते अजून सापडलं न्हाय. मी रोज विचारतो.

पण हसता हसता आप्पांच्या ऑपरेशनचा दिवस आठवला. त्या संध्याकाळी तुझी एक रिंग आलती. थोड्या वेळानं परत एक. मग आणखी एक. तीनदा बरं हाय! मी शेजारच्याला म्हटलंसुद्धा, आज घरी लई आनंद दिसतोय.

टॉवरचं एवढंच. पण एक गोष्ट टॉवरवर ढकलता येत न्हाय. एक रिंग आली की मला सुटल्यासारखं वाटायचं, बोलावं लागायचं न्हाय म्हणून. बोललो असतो तर तू विचारलं असतंस, दुकानात कधी बसतोस.

सरांनी मला गाडीवरून आत घेतलंय. शाळा नववीत सोडली हे त्यांना माहीत हाय. पगार तोच, काम तुटलेले कॉल निवडून ठेवायचं, आणि काम सुटल्यावर ते प्रोग्राम लिहायला शिकवणार. दोन वर्षं हलायचं न्हाय, ही अट. सुरुवात दिवाळीपासून. त्या संध्याकाळी सगळा देश एकदमच फोन लावतो, म्हणतात, तेव्हा मोजायला खरी मजा. पुणं सोडलं, गोवा सोडला, तू मला भिंगरी म्हणतोस. आता पहिल्यांदाच कुठंतरी थांबावं वाटतंय आणि जागा निघाली ही एवढी लांब. मी तुला न विचारता हो म्हणालोय.

भरमूला बसव. तो गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा गोड बोलतो. संबंध संपला म्हणालास, ते मात्र मी ऐकलं न्हाय असं धर. आप्पांना हे पत्र तूच वाचून दाखव, वहिनींना नको देऊ. तुझ्या आवाजात ऐकलं तर ते कमी रागावतील. त्यांना एकदा डोळ्यांनी बघावं असं लई वाटतंय.

तुझाच,
गोमटेश

ता. क. वहिनींच्या खात्यावर पैसे टाकलेत. नेहमीचे तीन हजार, आणि दिवाळीचं मिरजेचं तिकीट रद्द केलं त्याचे कापून परत आलेले सहाशे साठ. मिळून तीन हजार सहाशे साठ.