निंब आपलाच होता

अहो,
मी पुन्हा शेजारी कौशल्याबाईकडे गेली. काल वादळात आपला निंब त्यायच्या गोठ्यावर पडला, म्हणून सकाळी वकिलाले विचारलं. ते म्हणाले, "झाड धडधाकट असतं तर दोष कोणाचाच नव्हता. पण पोकळ आहे हे आधी ठाऊक असेल, तर भरून देणं तुमच्याकडंच येते."

ठाऊक होतं. बाईनं दोनदा सांगितलं, तुम्ही हसण्यावारी नेलं. म्हणून गोठ्याची टिनं आपणच बसवून देऊ, असं त्यायले सांगितलं. त्या म्हणाल्या, "टिनाचं जाऊ दे सुवर्णा, काल झाड पडल्याचं सांगायले आली, तं तुझ्या भाऊरावनं दार लावून घेतलं, त्याचं वाईट वाटलं मले."

तुमच्या वाटचा चहा त्यायनं झाकून ठेवला आहे. पोळ्या डब्यात आहेत, पण आधी इकडं या. करवत आणा.

सुवर्णा