दहा मिनिटांची चावी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.४०
स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी, नोंद म्हणून: किचनमधली रॅक (सागवान, खिळा एकही नाही, सगळे स्क्रू). टाकी भरल्याची घंटी. सासऱ्यांच्या खुर्चीला चाकं. आणि कालपासून सोसायटीचं सॉफ्टवेअर. ४,३१२ ओळी. क्लास नाही, डिग्री नाही. रबाळ्याला बावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं आणि मग घरी बसून शिकलो.

खासियत: पासवर्डच नाही. मेंबरने ईमेल टाकायचा, त्यावर लिंक जाते, दाबली की आत. लिंक म्हणजे चावी. दहा मिनिटं चालते आणि एकदाच चालते. चोराला वाव नाही.

सेक्रेटरी वामनरावांची अट: २८ तारखेच्या जनरल मीटिंगपर्यंत अठ्ठेचाळीसही फ्लॅट एकदा तरी लॉगिन झाले पाहिजेत, नाहीतर विकतचं ॲप. म्हटलं, वीस तारखेलाच करून देतो.

११ सप्टेंबर, गुरुवार
लॉगिन: १. (मी.)
बायकोने, शर्मिलाने, तिच्या ऑफिसच्या ईमेलवर लिंक मागवली. म्हणाली, अहो, 'लिंक वापरून झाली आहे' असं येतंय. म्हटलं, दोनदा दाबलीस. म्हणाली, पहिल्यांदाच दाबतेय. पुन्हा मागवली, पुन्हा तेच. बोटं जड आहेत तिची, पोळ्यांमुळे. हे बोललो नाही, इथे लिहितोय.

१४ सप्टेंबर, रविवार
घरोघरी फिरलो. १२ नंबरच्या वेणूबाई म्हणाल्या, दादा, माझा ईमेल माझ्याकडं नाय, किसनकडं हाय. किसन म्हणजे तळवलीचा झेरॉक्सवाला. आधार, गॅस, पेन्शन, सगळे फॉर्म तोच भरतो आणि ईमेल नसेल तर काढूनही देतो, पासवर्ड आपल्या वहीत ठेवतो. रजिस्टर तपासलं. किसनझेरॉक्स१२, किसनझेरॉक्स१३, किसनझेरॉक्स१४... अठ्ठेचाळीसपैकी एकतीस.

वेणूबाईंना सुरक्षेवर वीस मिनिटं समजावलं. म्हणाल्या, गावाला जाताना घराची किल्ली शेजारी देतो की नाय? मग? आणि पोहे दिले.

विचार करता हे फायद्याचंच आहे. एकतीस जणांऐवजी एकालाच शिकवायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार
लॉगिन: ४.
किसनला शिकवायला गेलो. अडचण अशी की लोक घरी लिंक मागवतात आणि मग चालत त्याच्या दुकानात येतात. स्वतः घड्याळ लावून चाललो: गेटपासून चौदा मिनिटं, सिग्नल लागला तर सोळा. तोवर चावी मेलेली. लोक किसनवर ओरडतात. किसन म्हणाला, साहेब, अर्धा तास करा ना, लोकांचे गुडघे बघा. स्पष्ट सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.
दहाची अकरा मिनिटं केली. माणसाने लवचीक असावं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मुलगी क्षिप्रा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाली, पप्पा, मम्मीच्या ऑफिसचा मेल फिल्टर आलेली लिंक आधी स्वतः उघडून तपासतो. तुमची चावी तिथेच खर्च होते. लिंक उघडल्यावर एक बटण द्या, ते दाबलं की मगच चावी खर्च करा.
म्हटलं, दुसऱ्यांचे मेल उघडून बघायची सवय फिल्टरची, आणि बदलायचं मी? चार वर्षं कॉलेजात घालवली की माणूस हक्काने सल्ले देतो.

२२ सप्टेंबर, सोमवार
अंघोळ करताना अचानक कल्पना सुचली. लिंक उघडल्यावर एक बटण! दाबलं की मगच चावी खर्च. क्षिप्रा असंच काहीसं बोलत होती, पण तिचा मुद्दा वेगळा होता.
शर्मिला आत गेली. चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण आत गेली. लॉगिन: ९.

२७ सप्टेंबर, शनिवार
लॉगिन: १७. वामनराव जिन्यात म्हणाले, काय शास्त्रज्ञ, उद्या काय दाखवताय? म्हटलं, सगळ्यांसमोर बाहेर पडून पुन्हा आत जाऊन दाखवतो. बघितलं की बाकीचे तिथल्या तिथे आपापल्या फोनवर करतील.
उद्या सकाळी सातपासून दर तासाला सर्वांना आठवणीचा मेल. आपोआप. मीटिंग चारला.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७.१५
पडद्यावर सगळ्यांसमोर लॉगआउट केलं. ईमेल टाकला. लिंक आली नाही. पुन्हा टाकला. स्पॅम बघितलं. मागून कोणी तरी म्हणालं, किसनकडे गेली असेल. लोक हसले. शर्मिलाही.

कारण नंतर सापडलं: मेल सेवेचा फुकट प्लॅन दिवसाला तीनशे मेलचा. अठ्ठेचाळीसच्या सहा फेऱ्या, सातव्या फेरीत संपले. म्हणजे सॉफ्टवेअर अचूक चाललं. आठवणी वेळेवर गेल्या.

वामनरावांनी हात वर करायला लावले. विकतचं ॲप मंजूर. विरोधात एक, माझा. वेणूबाईंनी चुकून माझ्या बाजूने वर केलेला हात खाली घेतला.

बाहेर किसन थांबला होता. म्हणाला, साहेब, वाईट नका वाटून घेऊ. आता त्या नव्या ॲपमध्ये एकतीस जणांना मलाच आत घालायचंय, एकट्याला जमणार नाय. तुमी समजावता छान, कंटाळत नाय. संध्याकाळी सहा ते नऊ माझ्याकडे बसा.

जागच्या जागी नकार दिला. मग ठरलं: महिना साडेचार हजार, चहा धरून.