कमी धरलेल्या तारा

प्रिय धाकटे राजे,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंच आहेस, तर निदान हा कागद वाच. पाकीट मुद्दाम तुझ्या विंचच्या दांड्याला चिकटपट्टीने गुंडाळलंय, म्हणजे ते सोडवल्याशिवाय तुला ट्रकमध्ये काही करता येणार नाही. शाळेत जाताना तुझा डबा मला दप्तराला असाच बांधावा लागायचा. तेलविहिरीवरचा एवढा मोठा ऑपरेटर झालास, पण तुझ्याशी वागायची तऱ्हा काही बदलता आली नाही.

आधी घरचं सांगते. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. काय दिसतंय असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, तुमच्या भिंतीला पोपडे आलेत. तू आला नाहीस म्हणून रागावलेली नाही, लाडक्यांना सगळं माफ असतं. घरी आल्याबरोबर तिने कंपनीच्या कॅलेंडरवरचा तुझा फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. खाली छापलंय, 'एकही टूल न गमावलेला ऑपरेटर.' पोरगा वाळलाय म्हणाली, पण उभा किती ऐटीत आहे. मला त्यात एवढंच दिसलं, की तू ताणलेल्या केबलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा आहेस. ताणलेल्या केबलवरून पाय टाकू नये हे बाबा आपल्या कानीकपाळी ओरडत आले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि कंपनीने तोच फोटो छापून आमच्या वर्कशॉपात सुरक्षेच्या पोस्टरशेजारी टांगलाय. येताजाता सगळे बघतात आणि एकाच्याही डोळ्यांना खुपत नाही. हसावं की रडावं, तूच सांग.

त्या दिवशी आईकडे जेवताना मी एवढंच म्हटलं होतं, की तू केबल फार ओढतोस, ताणाचा काटा लाल रेघेपाशी गेला की थांबत जा. त्यावर सगळ्यांसमोर म्हणालास, "तू बाकावर बसून तारा मोज. विहिरीवर मी उभा असतो." वर उंटावरून शेळ्या हाकते असंही म्हणालास. वहिनीने वाटी पुढे करून विषय बदलला, नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं देव जाणे. मला फार लागलं रे ते. केबलला मोजणीचं टूल बांधून विहिरीत सोडणाऱ्या त्या वायरलाइनच्या ट्रकवर तू चढलास तो मी बाबांकडे शब्द टाकला म्हणून, आणि आजही तुझी केबल ज्या गाठीने टूलला जोडलेली असते ती माझ्या हातची असते.

म्हणजे असते असं मी समजत होते. आईबरोबर दवाखान्यात होते तेवढ्यात तू ती दुसऱ्या कुणाकडून बांधून घेतलीस. परत आल्यावर नेहमीसारखं, गाठ ज्यात बसते ते टूलचं डोकं धुवायला घेतलं, खारा चिखल काढला, रबरी कड्या बदलायला म्हणून उघडलं, आणि आत बघते तर केबलच्या सगळ्या तारा धरलेल्या. एकही कापलेली नाही.

तुला हे नव्याने सांगायला नको, पण विसरल्यासारखा वागतोस म्हणून सांगते. त्या गाठीत आपण मुद्दाम थोड्याच तारा धरतो, बाकीच्या कापतो. टूल खाली अडकलं आणि विंच ओढत राहिला, तर केबल तिथेच, टूलपाशी, खोल विहिरीत तुटावी म्हणून. उरलेली केबल गुमान वर येते आणि टूल काढायला नंतर गळ टाकतात. सगळ्या तारा धरल्या की गाठ सुटत नाही. मग तुटायचं ते वर तुटतं, जिथे तू असतोस, तुझ्या हाताखालची पोरं असतात, आणि कुणी ना कुणी केबलवरून पाय टाकून जात असतो. ते डोकं घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, टूल येतंय ना वर, मग काय बिघडलं? फारच वाटत असेल तर तुमचं खातं आहे, तुम्ही बघा. असे हात झटकून मोकळे झाले. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं, त्यांचं की माझं ते कळेना.

हे सगळं बाबांमुळे आहे, मला का कळत नाही? केबल गाठीत तुटून त्यांचं टूल विहिरीत राहिलं, माणसं सगळी धड राहिली, तरी विहिरीला टूल दान केलं म्हणून लोकांनी त्यांचं नाव 'दानशूर' पाडलं. दुकानातसुद्धा हाक मारायचे, दानशूर आले. तू कळता झालास तसा ते ऐकून मुठी आवळून उभा राहायचास. बाबा मात्र म्हणायचे, "लोखंडच आहे, पुन्हा ओततील." लोकांचं ते हसणं तुझ्या डोक्यात बसलं, आणि हे वाक्य माझ्या.

तर साहेबांनी बघा म्हटलं, म्हणून मी बघितलं. ते टोक कापून टाकलंय आणि गाठ नव्याने बांधलीय, कमी तारांची, पूर्वी होती तशी. ती किती ताणावर सुटेल तो आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलाय, कारण तू अजून जुन्याच हिशेबाने ओढशील. उद्याची विहीर वाकडी आहे. टूल अडकणार हे तुला ठाऊक आहे आणि ते बघायला कंपनीचे पाहुणे येणार हेही. सुटलं तर सगळ्यांसमोर सुटेल, कॅलेंडरवरचं ते वाक्य खोटं पडेल आणि तुलाही दानशूर म्हणतील. तुला न सांगता बदलता आलं असतं. पण मग तू माझ्या पाठीमागे केलंस तेच मी केलं असतं, म्हणून लिहिलं. भांडणात नेहमी मीच आधी बोलते, तसंच समज. पुन्हा सगळ्या तारा धरायच्या असतील तर माझ्या बाकावर ये आणि माझ्या डोळ्यांदेखत बांध. टूल सोडून आले त्या संध्याकाळी बाबांनी हातपाय धुतले आणि तुला खांद्यावर बसवून अंगणभर नाचवलं होतं. तू लहान होतास, तुला ते आठवत नाही. मला आठवतं.

तुझीच,
आधी बोलणारी ताई