चाळीस टक्के

४ फेब्रुवारी
मधलं बोट वळलं! जेमतेम, पण वळलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्याहून खूश. "रोज तीन वेळा, चुकवायचं नाही. उन्हाळ्यापर्यंत कात्री धराल."
पर्स हिसकावणाऱ्याने हातावर सुरा फिरवला त्याला आज तीन महिने झाले. तो मोकाट, आणि मी दवाखान्याचे उंबरे झिजवतेय.

५ फेब्रुवारी
नणंदबाई आल्या. सरकारी कचेरीत असतात, नियम तोंडपाठ. गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकार भरपाई देतं — पण हात चाळीस टक्के निकामी असल्याचा दाखला हवा. तपासणी एकोणीसला. "तोवर व्यायाम बंद, वहिनी. डॉक्टरांसमोर बोट वळलं की संपलं!"
मला हसूच आलं. जन्मभर टाका सरळ यावा म्हणून जिवाचं रान केलं, आता हात बिघडलेला दिसावा म्हणून करायचं! हे गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं परत करून आले.
पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी
हाडांचे डॉक्टर रजेवर. आता ५ मार्च. बाकावर शेजारी एक आजोबा होते, त्यांची ही चौथी खेप.

२ मार्च
सकाळी बोटं लाकडासारखी असतात. बाईंचा फोन आला. उचलला नाही. लाज वाटली.

५ मार्च
डॉक्टर आहेत, तर शिक्का नाही! तो दुसऱ्या कार्यालयात गेलाय म्हणे. पुढची तारीख २३. घरी येऊन ह्यांच्यावर उगाच खेकसले. त्यांचा काय दोष? "सोडून देऊ या का हे सगळं?" म्हणाले. एवढं केल्यावर आता कसं सोडणार?

२३ मार्च
झाली एकदाची. डॉक्टरांनी बोट धरून दाबलं तशी मी किंचाळले. नाटक नव्हतं ते. अठ्ठेचाळीस टक्के! बाहेर येताच नणंदबाईंनी मिठीच मारली. ह्यांचाही जीव भांड्यात पडला.
चहासुद्धा न घेता व्यायामाला बसले. बोट हलेना. दगदगीने असेल.

२४ मार्च
बाईंनी हात उलटसुलट करून पाहिला, बराच वेळ. "आतून सगळं चिकटलंय. ही बोटं आता वळायची नाहीत. दीड महिना काय करत होतात?"
काहीच नाही, म्हटलं.