डावीकडचा ठिपका

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणा लहान पोराचं पत्र चुकून आपल्याकडे आलं. मीच आहे रे. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि हे सगळं डाव्या हाताने लिहितेय, जीभ दातांत धरून, मध्ये मध्ये थांबून. लाँड्रीतल्या ओल्या फरशीवर मी कशी आपटले हे तुझ्या भाच्याने तुला रंगवून सांगितलंच असेल. तू फोनवर म्हणालास, ताई, सगळ्या जगाला धुवून काढलंस, शेवटी फरशीने तुला धुतलं. त्या दिवशी मीही हसले. परवापासून मात्र हसू पळालंय. मी हादरलेय, धाकट्या. शेजारीण विचारते, हात फार ठणकतो का, आणि मी हो म्हणते, कारण खरं काय ते सांगता येत नाही.

पहिल्यापासून सांगते. मधलंच एखादं वाक्य धरून विषय फिरवायची तुझी खोड मला पाठ आहे, म्हणून सगळं वाच.

प्लास्टर घालून घरी आले तेव्हा कळलं की एका हाताने मोबाइल वापरणं म्हणजे किती कटकट आहे. माझा फोन नवा. त्याला खाली बटणंच नाहीत. कडेवरून बोट आत ओढलं की मागे जायचं, खालून वर ओढलं की पहिल्या पानावर यायचं. डाव्या हातात धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने ओढायचं, तर दर वेळी फोन निसटून पांघरुणात. आवाज कमी करायला बाजूचं बटण दाबावं तर पकड सुटते. रजा सांगायला मुकादमबाईंना फोन लावला तर लागला व्हिडिओ कॉल, आणि त्या बिचाऱ्यांना मी बोलत असेपर्यंत आमच्या घरचं छत बघावं लागलं. शेवटी मी फोन उशीवर फेकला आणि रडले. एवढी मोठी बाई, फोनवरून रडले.

संध्याकाळी माझा पोरगा कामावरून आला. हात धुतले, चहा टाकला आणि माझ्याजवळ बसून म्हणाला, दे इकडे. मग त्याची बोटं सुरू झाली. आधी ते ओढाओढीचं बंद करून खाली तीन बटणं परत आणली. त्यांतलं मागे जायचं बटण माझ्या फोनवर आलं उजवीकडे, तर सेटिंगमध्ये जाऊन त्यांचा क्रमच उलटा केला, म्हणजे ते डाव्या अंगठ्याखाली आलं. मग स्क्रीनवर एक गोल ठिपका आणला. तो दाबला की आवाज, लॉक सगळं समोर उघडतं, बाजूची बटणं दाबायची गरजच नाही. ठिपका त्याने डाव्या कडेला ओढला, मधोमध नाही, जरासा वर. खाली ठेवला की अंगठा वाकवावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत दुखतो, असं म्हणाला. मग अख्खी स्क्रीन आटवून डाव्या कोपऱ्यात कशी आणायची ते दाखवलं. आलेला फोन उचलला की थेट स्पीकरवर जाईल असंही केलं. शेवटी सेटिंगच्या कुठल्या तरी आतल्या खोलीत शिरला आणि फोनला शिकवलं की बोट जरा वेळ टेकलं तरच दाबलं असं समज, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा लागलं तर सोडून दे. कारण, म्हणे, सुरुवातीला बोट थरथरतं आणि एकाचे दोन दाबले जातात.

चहाला उकळी यायच्या आत माझा फोन माझ्या हातात. मी खूश. म्हटलं, कुठे शिकलास रे एवढं? तर म्हणाला, असंच. आणि चहा गाळायला उठला.

मी फोन डाव्या हातात धरला, तो ठिपका दाबला, आणि तो परत उशीवर ठेवला. कारण अगदी असाच फोन मी आधी हातात घेतलेला होता. तुझ्या लेकीच्या निकालाच्या दिवशी, तुझ्या घरी.

आठवतंय? सगळे जमलो होतो, मी तुझा फोन घेऊन फोटो बघत होते. मागे जायला बटण दाबलं तर भलतंच उघडलं. स्क्रीन आटून एका कोपऱ्यात गेली. मध्येच एक ठिपका, डाव्या कडेला, जरासा वर. बोट टेकवलं तरी फोन ढिम्म. मी सगळ्यांसमोर तुझी टर उडवली, म्हटलं, माणूस वाकडा तो वाकडा, फोनही वाकडाच ठेवलाय. तू डोळा मारून म्हणालास, नवी फॅशन आहे ताई, तुम्हा जुन्या लोकांना नाही कळायची. भावजय म्हणाली, ह्यांना नसते उद्योग हवेत. सगळे हसले. माझा पोरगा तेवढा हसला नव्हता, हे मला आत्ता आठवतंय. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, तुला परत दिला, आणि पानं वाढायला घेतली.

फॅशन कसली, धाकट्या. ज्याचा उजवा हात चालत नाही त्याचा फोन असा असतो. माझ्यावर वेळ आली नसती तर मला जन्मात कळलं नसतं.

मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. तू चहा डाव्या हाताने पितोस. बटणांचे शर्ट सोडून गळ्यातून घालायचे घ्यायला लागलास, वर म्हणालास, तरुण दिसतो. गाडी चालवणं भाच्यावर सोपवलंस, का, तर समोरच्या दिव्यांचा डोळ्यांना त्रास होतो. निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण तुला निघेना, तेव्हा दोरी घट्ट बांधलीय म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्यास. फोन कायम स्पीकरवर, मी म्हणायचे, याला जगाला ऐकवायची हौस. ताकास तूर लागू दिली नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण तुझी मूठ मिटतच नाहीये ना रे?

आणि तू काय काम करतोस! दुसरं काहीही असतं तर मी एवढी घाबरले नसते. वाण्याचं दुकान असतं, शिवणकाम असतं, तर म्हटलं असतं, लपवतोय तर लपवू दे, पुरुषाची जात. पण काच? माणसाच्या उंचीची काच, एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला माझं पोर. मधे ना दोरी, ना साखळी. तुझी दहा बोटं आणि त्याची दहा बोटं, बस्स. आणि तुझी त्यातली पाच काम करत नाहीत.

तू म्हणशील, त्याला काय कळतंय. त्यालाच तर कळतं. लाँड्रीत आम्ही दोघी दोघी मिळून चादरी घडी करतो. समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, ताण द्यायचा, झटकायचं. समोरचीचं एक बोट जरी सैल पडलं तरी माझ्या मनगटाला कळतं. एकीच्या खांद्याचं दुखणं मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. चादरीतून एवढं कळतं, तर काचेतून किती कळत असेल? माझ्या पोराला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

त्याने चहाचा कप माझ्या डाव्या बाजूला ठेवला तेव्हा मी विचारलं, मामाचा फोनही तूच करून दिलास ना? तो बशी पुसायला लागला. मी पुन्हा विचारलं. मग खाली बघत म्हणाला, आई, मामाला कळू देऊ नकोस की तुला कळलंय. बरेच महिने झाले, म्हणाला. तू पाना धरताना तो खाली पडला, मग पुन्हा पडला. तुला मेसेज लिहिता येईनात, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने रोज थोडं थोडं करत तुझा फोन बसवला. ठिपका आधी खाली होता, तुझा अंगठा दुखायला लागला म्हणून वर नेला. ती बोट टेकण्याची वेळ तुझ्या बोटांवरून ठरवलीय. म्हणजे माझ्या फोनवर मी परवापासून तुझंच दुखणं चालवतेय.

आता आरशाचं बोलते. त्या केस कापण्याच्या दुकानातला उंच आरसा जिन्यात फुटला आणि पोरगा हाताला टाके घालून घरी आला. तू मला फोन करून म्हणालास, लक्ष नसतं ग त्याचं, पायरी चुकला. मी त्याला रात्रीच्या जेवणात नको नको ते बोलले. मामाने धंदा शिकवला, मामाने उभं केलं, आणि तू त्याचं नुकसान करतोस, वगैरे. तो मान खाली घालून जेवला आणि म्हणाला, हो आई, लक्ष नव्हतं. परवा खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, पायरीबियरी काही नाही. तुझी बोटं आपोआप उघडली. आरसा त्याच्या अंगावर यायला लागला, तो त्याने हाताने भिंतीकडे लोटला, म्हणून निभावलं हातावर. राग आला मला तुझा, खोटं कशाला सांगू. पत्र लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या कागदावर नुसत्या शिव्या होत्या. तो फाडला.

कारण मग तू लहानपणीचा आठवलास. बापाच्या हाताखाली काच कापायला शिकत होतास, आणि पहिली सरळ काच निघाली तेव्हा ती घेऊन घरभर नाचला होतास, आई मागून ओरडत, अरे ठेव ती. तुला काचेशिवाय दुसरं काही येत नाही आणि कधी यावंसं वाटलं नाही. हात गेला हे बोलून दाखवलं तर खरं होईल, अशी भीती वाटत असेल तुला. मला कळतं रे. या प्लास्टरने मला पहिल्यांदा कळलं. दोन घटका स्वतःचा फोन चालवता येईना तर मी उशीत तोंड घालून रडले, आणि माझा हात तर बरा होणार आहे.

माझं प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना मी काल फोन करून, ओळखीतल्या एकाचं म्हणून, विचारलं. ते म्हणाले, बोटं बधिर होणं, पकड सुटणं, मानेतली नस दबली तरी होतं, आणखीही कारणं असतात, पण बघायला हवं, आणि जितका उशीर तितकं परत यायला अवघड. लगेच घाबरू नका, पण लगेच या, असं म्हणाले. मला ते वाक्य आवडलं.

फोन केला नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर आणि स्पीकरसमोर माझा पोरगा. मेसेजही कामावर तोच उघडून देतो, ते आता कळलं. आणि आवाज ऐकला की तू हसण्यावारी नेतोस, कागदाला ते जमत नाही. हे पत्र लाँड्रीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, फक्त तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. डाव्या हातात दिलं तरी चालेल.

आता मुद्द्याचं. सोमवारी शोरूमची ती मोठी काच दुसऱ्या मजल्यावर न्यायची आहे, लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यानेच न्यावी लागेल, हे मला माहीत आहे. जिन्यात सगळं वजन खालच्यावर येतं हेही माहीत आहे. आणि दर वेळी तो आधीच म्हणतो, खाली मी राहतो मामा, आणि तुला वाटतं मोठ्यांचा मान ठेवतोय. मी त्याला म्हटलं, सोमवारी जाऊ नकोस, आजारी पड, काहीही सांग. त्याने माझा कप उचलला. मग म्हणाला, “मामाचा हात सुटला तर खाली कुणीतरी हवं ना, आई.” तो तुला नाही म्हणणार नाही, धाकट्या. माझंही ऐकणार नाही. ती काच थांबवणारा तू एकटाच आहेस. म्हणून हे पत्र. शोरूमवाल्याला सांग, बहिणीचा हात मोडलाय, सोमवारी तिला दवाखान्यात न्यायचंय. खोटं नाहीये ते. माझं प्लास्टर दाखवायचं आहेच, त्याच वेळेला त्याच डॉक्टरांकडे मी तुझंही नाव लावून ठेवलंय. भावजयीला काही बोलले नाही, ते तू सांग. आणि पोराला काय सांगायचं तेही तूच ठरव. सकाळी ये. मला पायात चपला सरकवता येतात, पण केस बांधता येत नाहीत, तुलाही येणार नाहीत, तर तशीच येईन.

तुझीच,
सध्या एका हाताची ताई