लाखो लोकांत मी तीनदा

बाई, तुम्ही मला शाळेत शिकवलंत, आणि आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला आधी मोबाईल म्हणजे काय तेच सांगत बसावं लागेल. ते राहू दे. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, बायको तीन वर्षांमागे गेली, मुलगा पुण्याला असतो. म्हाताऱ्यांनी एकमेकांशी गप्पा माराव्यात म्हणून निघालेलं एक ॲप त्यानं माझ्या फोनवर घालून दिलंय. परवा पेपरात त्या कंपनीची पानभर जाहिरात होती, रोज लाखो ज्येष्ठ इथं बोलतात म्हणून. चहा पिता पिता मी मोठ्यानं म्हणालो, "कुटं बोलतात?" घरात ऐकायला कुणी नव्हतं.

उभा जन्म मी गाडीत चढल्याबरोबर नजरेनं माणसं मोजली. कुर्डुवाडीच्या गाडीत बाकाआड दडलेलासुद्धा सुटला नाही, तेव्हा असल्या थापा मला पचत नाहीत. आमच्या सोलापूरच्या गटात शंभरावर नावं आहेत. त्यातल्या दोघांना मी स्वतः खांदा दिलाय. ॲप अजून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं. आणि तीन नावं माझीच आहेत. पहिल्या खात्याचा पासवर्ड विसरलो म्हणून दुसरं उघडलं, फोन बदलला तेव्हा तिसरं. एकदा ॲपनं माझाच फोटो दाखवून विचारलं, यांना ओळखता का? म्हटलं, लई चांगला ओळखतो की! रोज सकाळी मी नव्या फोनवरून 'शुभ सकाळ' टाकतो. दुपारपर्यंत कुणी बोललं नाही तर जुन्या फोनवरून मीच उत्तर देतो.

तुमचा चौथीचा वर्ग आठवतो. साहेब पट तपासायला येणार आहेत. बाक भरलेले दिसले पाहिजेत, गल्लीतली पोरं आणा, असं हेडमास्तरांनी सांगितलंय. आमच्या वर्गातल्या एका मुलीला भावंडं सांभाळायला घरी बसवलंय. तिच्या जागी मी माझ्या मावसबहिणीला आणलंय, त्या मुलीचं नाव हिच्याकडून घोकून घेतलंय. हजेरीत ती खणखणीत "हजर!" म्हणते. तुम्ही साहेबांना सांगता, "ही आमची मुलगी नाही."

मला शाबासकी हवी होती. तुम्ही रागावलात की गावाकडचं बोलायचात. "आरं, तिची जागा मोकळीच दिसू दे की! मोकळी दिसली तर कुणीतरी तिला आणाया जाईल. तू भरून टाकलीस, आता कोण जातंय?" त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः तिच्या घरी गेलात. सोमवारी ती वर्गात होती. हेडमास्तर मात्र वर्षभर तुमच्याशी धड बोलले नाहीत.

दर रविवारी मुलाचा फोन येतो. "अण्णा, ग्रुपवर लोक बोलतात ना?"

"लई बोलतात रे. मलाच सवड न्हाय."

तो हसतो, निर्धास्त होतो आणि फोन ठेवतो. कंपनीला नावं ठेवणारा मी, त्याला तसलीच थाप मारतो. फार एकटं वाटतं बाई, हे त्याला एकदा सरळ सांगायला हवं. तुम्हाला लिहिलेल्या या पानाचा फोटो काढून त्याला पाठवावा, असं दोनदा मनात आलं. पाठवणार नाही. खरं कळल्यावरही तो आला नाही तर, याची मला भीती वाटते.